रास्पबेरी पायला हार्ड डिस्क जोडताय? आधी विजेचं गणित बघा

रेट्रो गेमिंगवर बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो: "पायवर रेट्रोपाय टाकलं, कंट्रोलर जोडला, सगळं मस्त चालतंय. पण मेमरी कार्ड भरत आलं. घरात एक जुनी हार्ड डिस्क पडून आहे, ती लावू का?"

लावा की! पण ही डिस्क अधूनमधून बंद पडते, गेम गायब होतात, आणि मग सगळे सॉफ्टवेअरला शिव्या देतात. बहुतेक वेळा घोळ विजेचा असतो. म्हणून आजचा एपिसोड त्याच क्रमाने: आधी वीज, मग फॉरमॅट, मग माउंट. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

मुळात डिस्क हवीये का?

आपण लहानपणी कॅसेट घालून खेळायचो तो 'सुपर मारिओ ब्रदर्स' फक्त ४० केबीचा आहे. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो! सुपर निन्टेन्डोच्या मोठ्यातल्या मोठ्या गेम ६ एमबीच्या, निन्टेन्डो ६४ च्या ६४ एमबीपर्यंत. एवढंच खेळणार असाल तर ३२ जीबीचं कार्ड पुरून उरतं. हार्ड डिस्कची गरज खरी लागते ती सीडीवाल्या गेमना. प्लेस्टेशन १ ची एक सीडी ७०० एमबीपर्यंत जाते आणि काही गेम तीन-चार सीडींच्या असतात. तिथे कार्ड भरायला वेळ लागत नाही.

आता वीज

साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिचा स्वतःचा ॲडाप्टर असतो. तिचं ओझं पायवर पडत नाही. प्रश्न आहे खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कचा. ती सगळी वीज यूएसबीमधूनच घेते.

पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात. लक्षात घ्या, प्रत्येकी नाही, मिळून! पाय ५ ला ५ अँपिअरचा ॲडाप्टर लावला तर यूएसबीला १.६ अँपिअर मिळतात, पण साधा ३ अँपिअरचा लावला तर तो स्वतःहून ६०० मिलीअँपिअरवर येतो. आता तुमच्या डिस्कच्या लेबलवर बघा, ५ व्होल्टच्या शेजारी किती अँपिअर लिहिलेत ते. त्यातही मोटर फिरायला सुरुवात होते तेव्हा डिस्क सगळ्यात जास्त वीज ओढते. म्हणूनच काही डिस्क नुसत्या 'टिक टिक' करतात आणि सुरूच होत नाहीत.

दुसरी गोष्ट केबल. बिल्डिंगमध्ये खाली कोणी मोटर लावली की वरच्या मजल्यावरच्या नळाची धार बारीक होते ना, तसंच. समजा केबलचा रोध ०.२ ओहम आहे आणि पाय अधिक डिस्क मिळून २.५ अँपिअर ओढतायत. दोघांचा गुणाकार ०.५ व्होल्ट. ॲडाप्टरमधून ५.१ निघाले, पायपर्यंत ४.६ पोचले. आणि पाय साधारण ४.६३ च्या खाली गेला की तक्रार करतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते, ती हीच.

"पण माझा मोबाईलचा चार्जर ६५ वॉटचा आहे!" असेल. ते वॉट जास्त व्होल्टेजवर मिळतात, आणि तेही फोनने मागितले तर. पाय ४ असं काही मागत नाही. त्याला ५ व्होल्टच मिळतात, आणि त्या ५ व्होल्टवर चार्जर किती अँपिअर देतो ते चार्जरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचा.

तपासायचं कसं? अर्धा तास गेम खेळा, मग टर्मिनलमध्ये व्हीसीजेनसीएमडी लिहून स्पेस द्या आणि पुढे गेट-अंडरस्कोर-थ्रॉटल्ड लिहा. उत्तरात 'झिरो एक्स'पुढे नुसतं ० आलं तर सगळं ठीक. ५०००० आलं तर सुरू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती. ५०००५ आलं तर आत्ता, या क्षणी कमी पडतेय.

उपाय दोन. एक, पायचा अधिकृत ॲडाप्टर घ्या. दोन, डिस्कसाठी स्वतःचा ॲडाप्टर असलेला यूएसबी हब घ्या. फक्त काही स्वस्त हब उलट पायलाच वीज पाठवतात. पायचा ॲडाप्टर काढून बघा. हब चालू असताना पायचा लाल दिवा लागलेलाच राहिला, तर तो हब दुकानदाराला परत.

फॉरमॅट कुठला?

डिस्क सारखी विंडोज लॅपटॉपला लावणार असाल तर एक्सफॅट ठेवा. कायम पायलाच राहणार असेल तर ईएक्सटी४. ईएक्सटी४ जर्नल ठेवते, म्हणजे काय बदलणार आहे त्याची आधी नोंद करते. लाईट गेली तर त्या नोंदीवरून ती सावरते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. उलट विंडोजला ईएक्सटी४ सहज वाचता येत नाही, पण घरच्या वायफायवरून सांबा वापरून फाइल टाकता येतात, त्यामुळे फार अडत नाही.

माउंट करताना

डिस्कचा पत्ता एफएसटॅब फाइलमध्ये लिहायचा. तिथे 'एसडीए१' असं नाव देऊ नका. उद्या पेनड्राइव्ह लावला की ते नाव बदलू शकतं. ब्लॉकआयडी कमांडने मिळणारा यूयूआयडी द्या, तो डिस्कचा आधार नंबर समजा. आणि पर्यायांमध्ये 'नोफेल' लिहायचंच. नाहीतर एखाद दिवशी डिस्क न लावता पाय सुरू केलात की तो तिची वाट बघत अडकेल. ईएक्सटी४ असेल तर फोल्डरची मालकी तुमच्या युजरला द्यायला विसरू नका, नाहीतर गेम दिसतील पण सेव्ह होणार नाहीत.

कधी सगळ्या गेम गायब दिसल्या तर घाबरू नका. बऱ्याचदा डिस्क माउंट झालेली नसते आणि तुम्ही कार्डवरचा रिकामा फोल्डर बघत असता. अशा वेळी नव्याने गेम भरत बसू नका, आधी वीज आणि केबल तपासा.

डिस्क लावल्यावर ब्लूटूथ कंट्रोलर अडखळायला लागला तर? यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये मिसळतो. डिस्क लांब केबलने दूर ठेवा, किंवा निळ्याऐवजी काळ्या पोर्टमध्ये लावा. जुन्या गेमना यूएसबी २ चा वेग भरपूर होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

'घरात पडून असलेली' ती डिस्क क्वचितच रिकामी असते. त्यात ताईच्या लग्नाचे फोटो असतात, आजोबांचा एखादा व्हिडिओ असतो. फॉरमॅट केलं की ते गेलं. आणि फॉरमॅट न करता तशीच लावली, तर कमी विजेवर सारखी बंद-चालू होणारी डिस्क म्हणजे त्या फोटोंना रोजचा धोका. गेम परत मिळते, आजोबांचा आवाज मिळत नाही. म्हणून ते सगळं आधी दुसऱ्या दोन ठिकाणी कॉपी करा, कॉपी उघडून बघा, आणि मगच डिस्क पायला लावा.

सेव्ह फाइल्सचंही तेच. रेट्रोआर्कमध्ये सेव्हरॅमचा ऑटोसेव्ह बंद असेल तर गेममधली प्रगती गेममधून बाहेर पडतानाच डिस्कवर लिहिली जाते. मध्येच लाईट गेली की दोन तासांची मेहनत पाण्यात. ती सेटिंग १० सेकंदांवर ठेवा, आणि पाय नेहमी मेनूमधून शटडाउन करा, बटण दाबून नाही.

तर मंडळी, आज रात्री एकच काम करा: डिस्कचं लेबल आणि ॲडाप्टरचं लेबल शेजारी ठेवून वाचा. काय आकडे आले ते मला कळवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. तोपर्यंत खेळत रहा!