व्यसनमुक्तीचें समुपदेशन : एक उपेक्षित व्यवसाय

मुलामुलींनीं पुढें काय करावें, हा प्रश्न निघाला कीं सुशिक्षित घरांत डॉक्टर, इंजिनिअर, सनदी हिशेबनीस अशीं दोनचार उत्तरें ठरलेलीं असतात. ‘व्यसनी माणसांना मार्गास लावण्याचें काम मी करणार’ असें एखाद्या कन्येनें सांगितलें, तर मातापितरांच्या कपाळाला आठी पडल्यावांचून राहात नाहीं. ती आठी कितपत योग्य आहे, याचा विचार आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

प्रथम गरज पाहूं. केंद्र सरकारनें दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करवून घेतलेली व्यसनविषयक पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देशांत दारू पिणारे सुमारे १६ कोटि लोक असून, त्यांपैकीं सुमारे ५ कोटि ७० लक्ष लोकांना मदतीची जरूरी असल्याचें नमूद आहे. दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ जणांत कसलाही उपचार मिळालेला एकच आढळला.

हीं माणसें कोठें तरी दूरच्या वस्तींत राहतात, अशी समजूत करून घेणें सोयीचें असतें. पांढरपेशा घरांतही व्यसन असतें. तें झांकलेलें असतें, इतकेंच. ‘यजमानांची प्रकृति बरी नाहीं’ असा निरोप कचेरींत पाठविणारी गृहिणी कित्येक वाचकांच्या माहितींतील असेल. त्या निरोपानें दिवसापुरती अब्रू राहते. व्यसन मात्र निर्धास्तपणें वाढत जातें.

पुण्यांत २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्यानें, ‘मुक्तांगण’ केंद्र सुरू केलें. व्यसनांतून बाहेर पडलेले कित्येक जण तेथें शिकून नव्या रुग्णांचे समुपदेशक झाले आहेत. अमेरिकेंत १९३५ सालीं स्थापन झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ संघटनेचें मूळही याच अनुभवांत आहे : जो त्या वाटेनें गेला, त्याचें बोलणें त्या वाटेवरचा माणूस ऐकतो. परंतु ज्यानें कधीं पेला हातीं धरला नाहीं, त्यासही हें काम शिकून येतें.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. ‘दारू वाईट’ हें रुग्णास घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनीं शेंकडों वेळां सांगितलेलें असतें. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनीं १९८३ सालीं मांडलेल्या पद्धतींत समुपदेशक वाद घालीत नाहीं. दारू सोडण्याचीं कारणें रुग्णाच्याच तोंडून वदवितो आणि निर्णय त्याच्यावरच सोंपवितो. रोजची दारू एकाएकीं बंद केल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणावर बेततें. म्हणून आरंभीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीचे, हेंही त्यास ठाऊक असावें लागतें. बरा होऊन गेलेला रुग्ण पुष्कळदां पुन्हां पिऊन परततो. घरच्यांस तो विश्वासघात वाटतो. समुपदेशकास मात्र कोणत्या प्रसंगीं, कोणाच्या संगतींत तोल गेला, हें शोधून पुन्हां आरंभ करावा लागतो.

मानसशास्त्राची किंवा समाजकार्याची उच्च पदवी हा या व्यवसायाचा नेहमींचा मार्ग होय. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) व पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) येथें समाजकार्याचें शिक्षण मिळतें. त्यापुढें एखाद्या केंद्रांत अनुभवी माणसाच्या हाताखालीं उमेदवारी केल्याखेरीज हात बसत नाहीं. सेवाभावी संस्थांतील वेतन बहुधा बेताचेंच असतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

तेव्हां कन्येनें असा मनोदय बोलून दाखविल्यास, नकार देण्यापूर्वीं तिला आठवडाभर एखाद्या केंद्रांत काम पाहूं द्यावें. शक्य तर एक दिवस स्वतःही जावें. दुसऱ्याच्या दुःखाजवळ टिकण्याचें बळ तिच्यांत आहे कीं नाहीं, हें तेथेंच कळेल. असेल, तर तिला अडवूं नये. आणि ज्यांच्या घरून प्रकृतीचा तो निरोप अजून कचेरींत जात असेल, त्यांनीं तो थांबवून १४४४६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर दूरध्वनि करावा, अशी आमची विनंति आहे.