वेगाचा पहारा : स्थळ आणि शब्द

वाहनांचा वेग तपासण्यासाठी पोलिस रस्त्यावर नेमके कोठे उभे राहतात, हा सामान्यतः चालकांच्या आपसांतील कुजबुजीचा विषय मानला जातो. वस्तुतः त्यात पदार्थविज्ञान, कायदा आणि भाषा या तिघांचाही संबंध येतो. आमचे कुतूहल अर्थातच तिसऱ्या अंगाविषयी अधिक आहे.

मराठीत राखणीचे शब्द पुष्कळ. ‘पहारा’ हा ‘प्रहर’ या शब्दाशी जोडलेला असल्याने त्याच्या मुळाशी काळ आहे; फारसीतून आलेल्या ‘गस्त’ या शब्दाच्या मुळाशी फिरणे आहे; ‘ठाणे’ हा ‘स्थान’पासून झालेला, म्हणून तेथे स्थिरता आहे. वेगतपासणीच्या संदर्भात मात्र चालकांच्या तोंडी यांपैकी एकही शब्द सहसा येत नाही. ‘पुढे मामा उभे आहेत’, किंवा ‘उतारावर सापळा लावला आहे’, असे ते म्हणतात. आईच्या भावाचे नाते आणि शिकाऱ्याचे साधन एकाच प्रसंगी आठवावे, ही मौज क्षणभर बाजूस ठेवू. ‘सापळा’ या शब्दात एक गृहीत दडलेले आहे : जागा गुप्त असते आणि ती चालकास फसविण्यासाठीच निवडलेली असते. हे गृहीत तपासून पाहणे अवश्य आहे.

वेगमापक यंत्र, म्हणजे बोलण्यातील ‘स्पीडगन’, येणाऱ्या वाहनाकडे रडारच्या लहरी अथवा लेसरचे किरण सोडते. परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून, किंवा किरणांना परतण्यास लागलेल्या वेळेवरून, वेग ठरतो. यंत्र रस्त्याच्या रेषेपासून जितके बाजूस, तितकी नोंद प्रत्यक्षाहून कमी येते. (हा दोष चालकाच्याच फायद्याचा आहे, याची तक्रारखोरांनी नोंद घ्यावी.) म्हणून पोलिसांना दृष्टीस अडथळा नसलेला सरळ पट्टा लागतो. वळणावर मोजणी नीट होत नाही. वळण संपून रस्ता सरळ झाला की होते. उताराचा पायथा, पुलावरून खाली येणारा भाग, वस्ती सुरू होण्यापूर्वीचा मोकळा रस्ता, या जागांची निवड पुनःपुन्हा होते; कारण वेग तेथे नकळत वाढतो किंवा कमी करावयाचा राहून जातो. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते, ताशी 80 वेगाचे 22 मीटर. वस्तीपाशी रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीच्या दृष्टीने मधले पाच मीटर म्हणजे सर्वस्व होय. 2022 साली भारतातील रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. सरकारी वर्गीकरणानुसार त्यांतील सुमारे 71 टक्के मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता.

कायद्याने तर गुप्ततेचा प्रश्नच बराचसा निकालात काढला आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने यंत्रांद्वारे देखरेखीची तरतूद आली, आणि 2021 च्या नियमांनुसार अशी यंत्रे जेथे असतील त्या पट्ट्याच्या आधी इशाऱ्याचे फलक ठळकपणे लावणे बंधनकारक झाले. ज्याच्या आधी पाटी लावावी लागते त्यास सापळा म्हणणे शब्दार्थाशी विसंगत आहे. फलक झाडीत झाकला गेला असेल तर गोष्ट निराळी. त्या ठिकाणी चालकाची तक्रार रास्तच ठरते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून चालू झालेल्या यंत्रणेत सरासरी वेग मोजणारे कॅमेरेही आहेत. दोन ठिकाणी वाहनाची नोंद घेऊन मधल्या वेळाचा हिशेब होतो. दहा किलोमीटर अंतर सहा मिनिटांच्या आत तोडले, तर सरासरी वेग ताशी 100 हून अधिक होता हे आपोआप सिद्ध होते. कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून पुन्हा भरधाव सुटण्याची युक्ती येथे निरुपयोगी ठरते. अशा पहाऱ्याला ‘कोठे’ हा प्रश्नच लागू पडत नाही. ‘पहारा’ शब्दातील मूळचा काळ तेवढा पुन्हा पुढे आला आहे. चालकांच्या बोलीत त्यास स्वतंत्र नाव रूढ झाल्याचे अद्याप आमच्या ऐकण्यात नाही. ‘कॅमेरे चालू आहेत’, एवढेच ते म्हणतात, आणि मामा त्या वाक्यात नसतात.