बेताच्या पैशात प्रोसेसर : कोर किती, कॅश किती?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली, आणि चांगले चालत असलेले कितीतरी संगणक एका दिवसात जुन्यांच्या पंगतीला जाऊन बसले. पुढची विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर मान्य करीत नाही. त्यामुळे सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत्यापासून साताऱ्यातील लग्नपत्रिका जुळविणाऱ्यापर्यंत, आणि मुलीला अभियांत्रिकीला घातलेल्या पालकापासून गावच्या पतसंस्थेच्या चिटणिसापर्यंत अनेकांपुढे नव्या संगणकाचा खर्च येऊन ठाकला आहे. पैसा बेताचा, आणि वस्तू पाच-सात वर्षे तरी पुरवायची. दुकानात गेल्यावर मात्र आकड्यांचा भडिमार होतो. हा चार कोरांचा, हा सहांचा; याला कॅश सोळा, त्याला बत्तीस. गिऱ्हाईक मान डोलावते आणि ज्याचा आकडा मोठा तो माल बरा, असे समजून पैसे मोजते.

आमच्या मते चूक होते ती येथेच. हे आकडे खोटे नसतात. पण कोणता आकडा कोणाच्या उपयोगाचा, हे त्याचे काम पाहिल्यावाचून सांगता येत नाही. तेवढे एक समजून घेतले, तर बाकीची निवड फारशी अवघड राहत नाही.

कोर म्हणजे काम करणारे हात

प्रोसेसर म्हणजे संगणकातील हिशेब करणारे अंग. पूर्वी त्यात काम करणारा एकच असे. सन २००५ च्या सुमारास घरगुती संगणकांतूनही एका प्रोसेसरमध्ये असे दोन जण बसविण्यास आरंभ झाला. आज बेताच्या किमतीतही चार किंवा सहा सहज मिळतात. यांतील प्रत्येकास कोर म्हणतात. खोक्यावर कोरांच्या शेजारी 'थ्रेड' म्हणून दुप्पट आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ माणसे दुप्पट झाली असा नव्हे. एकाच गुमास्त्यापुढे दोन चोपड्या उघडून ठेवल्या आहेत, एकीचे काम अडले की तो दुसरीकडे वळतो, इतकाच. लाभ होतो, पण दुप्पट नव्हे.

माणसे वाढविली की काम त्या मानाने लवकर होते काय? कराडकडचे किंवा वाळव्याकडचे एखादे गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणावे. ऊस तोडणारी आणि मोळ्या वाहणारी माणसे दुप्पट केली, तर ऊस निम्म्या वेळात चरकापाशी येऊन पडेल. परंतु काहिलीतला रस आपल्या वेळानेच आटणार. गुळव्या एक असो वा चार असोत, एका आधणाचा गूळ त्यामुळे लवकर उतरत नाही.

हीच गोष्ट जीन अॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली गणिताने मांडली. समजा, एक काम एकट्याला दहा तासांचे आहे. त्यातील सहा तासांचे काम वाटून देता येते, आणि चार तासांचे एकापाठोपाठच करावे लागते. दोघे लावले तर सात तास लागतील, चौघे लावले तर साडेपाच, आणि आठ जण लावले तर पावणेपाच. चाराचे आठ केले, मजुरी दुप्पट झाली, आणि वाचला तो पाऊण तास. शंभर माणसे आणली तरी चार तासांच्या आत ते काम होणे नाही.

याची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिली आहे. पुण्यास १९८८ साली सीडॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्यात एखादा अचाट प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाचे चौसष्ट लहान प्रोसेसर एकत्र जोडलेले होते. हवामानाचे गणित अशा यंत्रास मानवते, कारण नकाशाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेकाच्या हवाली करता येतो. पण काम आधी तसे मांडून द्यावे लागते. काम वाटले जात असेल तर हात वाढवावेत. वाटले जात नसेल तर वाढलेले हात बसून राहतात.

कॅश म्हणजे हाताशी असलेला माल

'कॅश' हा शब्द ऐकताच आपल्याला रोकड आठवते. पण हा शब्द निराळा. तो लपविणे या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून आला असून त्याचा मूळ अर्थ लपवून ठेवलेला साठा, म्हणजे जवळजवळ आपले पेव. संगणकातील कॅशचे काम मात्र पेवाच्या अगदी उलट आहे.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर हे हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवांची नासाडी झाली. तरी पेव म्हणजे काय हे या भागात सांगावे लागत नाही. जमिनीच्या पोटात माल वर्षानुवर्षे टिकतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. पण पेव उघडायचे म्हणजे माती काढा, आतली कोंदलेली हवा जाऊ द्या, मग माणूस उतरवा. गिऱ्हाईक पेढीवर उभे असताना कोणी पेव उघडावयास जात नाही. रोज खपणारा माल पेढीच्या मागच्या खोलीत असतो, आणि वानगी गादीशेजारी.

संगणकातही असेच आहे. मुख्य स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो, ती मोठी पण प्रोसेसरपासून दूर. कॅश लहान, पण प्रोसेसरच्या अंगावरच. ती तीन पायऱ्यांची असते : पहिल्या दोन सामान्यतः प्रत्येक कोरच्या स्वतःच्या, तिसरी सर्वात मोठी आणि बहुधा सर्वांची सामाईक. खोक्यावर ठळक छापतात तो आकडा बहुधा या तिसरीचा.

अंतरे किती ते पाहू. आजचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे चारशे कोटी ठोके देतो. त्यातील एक ठोका म्हणजे एक सेकंद असे धरले, तर पहिल्या पायरीवरील माल चार-पाच सेकंदांत हाती येतो, दुसरीवरील बारा-चौदा सेकंदांत, तिसरीवरील पाऊण मिनिटात. रॅमपर्यंत जावे लागले की पाच मिनिटे मोडतात. एसएसडी या नव्या साठवणीस दोन-तीन दिवस लागतात. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला? सव्वा वर्ष! कोर कितीही चपळ असो, माल येईपर्यंत त्याला हात जोडून बसावे लागते. संगणक 'हळू' वाटतो तो पुष्कळदा हिशेबाने नव्हे, या वाट पाहण्याने.

यावर तोडगा म्हणून हाताशी लहानसा साठा ठेवण्याची कल्पना केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली, आणि १९६८ च्या आयबीएमच्या ३६०/८५ या मोठ्या संगणकात ती प्रत्यक्षात आली. तिच्या मुळाशी व्यापाऱ्याचा साधा अनुभव आहे : आता मागितलेला माल थोड्या वेळाने पुन्हा मागितला जातो. हे जेथे खरे ठरते तेथेच कॅश उपयोगी. नुसता ट्रकांमागून ट्रक येऊन माल पुढे जाणार असेल, तर मागची खोली वाढवून काय साधणार?

दोन्ही भरपूर का नाहीत?

एक बिट साठवावयास कॅशमध्ये साधारणतः सहा ट्रान्झिस्टर लागतात. या हिशेबाने बत्तीस मेगाबाइट कॅशला सुमारे १६१ कोटी ट्रान्झिस्टर हवेत. एएमडीच्या झेन ३ या घडणीच्या, आठ कोरांच्या एका तुकड्यावर एकूण सुमारे ४१५ कोटी ट्रान्झिस्टर असतात. म्हणजे जवळजवळ दोन-पंचमांश तिसऱ्या पायरीच्या कोठारातच गेले. सिलिकॉनच्या चकतीवरील जागा म्हणजे पेठेतील जागा : तिचा इंचन् इंच मोलाचा. स्वस्त प्रोसेसर करायचा म्हणजे कारखानदाराला कोठे तरी कात्री लावावीच लागते. ती हातांना लावली की कोठाराला, हे ओळखणे आपले काम.

इतिहासात दोन्ही प्रकारचे धडे आहेत. इंटेलने १९९८ च्या एप्रिलमध्ये सेलेरॉन हा स्वस्त प्रोसेसर आणला, तेव्हा त्यातील दुसऱ्या पायरीची कॅश समूळ काढून टाकली होती. ठोके तेच, पण काम रेंगाळू लागले आणि मालाची अपकीर्ती झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ३००ए हा सुधारलेला सेलेरॉन निघाला. त्यात अवघी १२८ किलोबाइट कॅश होती, पण ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी; तेवढ्यावर तो महागड्या पेंटियम २ च्या जवळपास जाऊन पोहोचला.

दुसरा धडा उलट दिशेचा. एएमडीने २०११ साली एफएक्स-८१५० हा प्रोसेसर आठ कोरांचा म्हणून विकावयास काढला. ते आठ कोर दोन-दोनांच्या चार जोड्यांत बसविलेले होते, आणि अपूर्णांकी गणिते करणारा विभाग प्रत्येक जोडीत सामाईक होता. एकेरी कामात इंटेलचा चार कोरांचा आय ५-२५००के त्याच्या पुढे राहिला. पुढे अमेरिकेत ग्राहकांनी त्या 'आठ' या शब्दावरूनच दावा लावला, आणि २०१९ साली कंपनीने तो १ कोटी २१ लाख डॉलर देण्याचे कबूल करून मिटविला. एका आकड्यावर विसंबणारे आपल्याकडेच आहेत असे नव्हे.

आजचा माल

आता दुकानातील एक जोडी पाहू. एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० हे दोन्ही एप्रिल २०२२ चे. दोन्हींत सहा कोर, बारा थ्रेड, घडण झेन ३ चीच. ठोक्यांत थोडा फरक. खरा फरक कॅशमध्ये, एकात सोळा मेगाबाइट तर दुसऱ्यात बत्तीस. चित्रे साकारण्याच्या किंवा व्हिडिओ बांधण्याच्या कामात दोघे जवळजवळ बरोबरीने चालतात. खेळांत मात्र ५६०० उघड पुढे जातो, कारण खेळाला तीच ती पुष्कळ माहिती क्षणोक्षणी विस्कळीत क्रमाने लागते.

याहूनही स्पष्ट दाखला म्हणजे त्याच महिन्यात आलेला ५८००एक्स३डी. आधीच्या ५८००एक्सवर कॅशचा आणखी एक थर चढवून बत्तीसाचे शहाण्णव मेगाबाइट केले. ठोके उलट थोडे कमी करावे लागले. खेळांत तो चांगलाच पुढे गेला, आणि चित्रे साकारण्याच्या कामात किंचित मागे पडला. तोच माल, तितकेच हात. कोठार तिप्पट झाले त्याचा लाभ एका कामाला मिळाला, दुसऱ्याला नाही.

इंटेलकडे जानेवारी २०२२ च्या कोअर आय ३-१२१०० मध्ये चार कोर आणि बारा मेगाबाइट कॅश आहे, तर आय ५-१२४०० मध्ये सहा कोर आणि अठरा. येथे हात व कोठार बरोबरच वाढतात. तेव्हा प्रश्न एवढाच की वाढीव दोन हातांना आपल्याकडे काम आहे काय.

मग निवड कशी करावी?

पेढीचा हिशेब, पतसंस्थेच्या नोंदी, पत्रव्यवहार, शाळेचे निकालपत्रक ही कामे बहुतांशी एकेरी चालीची. त्यांना नव्या घडणीचे चार कोर पुरेसे आहेत. उरलेला पैसा एसएसडीवर आणि सोळा गिगाबाइट रॅमवर घालावा. वर सांगितलेले सव्वा वर्ष आणि तीन दिवस आठवले की कारण ध्यानात येईल. पत्रिका व फलक जुळविणाऱ्यानेही कोरांच्या मागे न लागता रॅम वाढवावी. लग्नाचे चित्रण संपादन करून देणाऱ्याने मात्र कॅशचा हव्यास सोडून कोरांकडे पाहावे, कारण त्याचे काम तुकड्यांत वाटले जाते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सहा कोर उपयोगी पडतील. ज्याला खेळच खेळायचे आहेत, त्याने सहा कोरांवर थांबून पुढचा पैसा आधी ग्राफिक्स कार्डावर आणि मग कॅशवर घालावा.

तीन सावधगिऱ्या मात्र सर्वांसाठी. पहिली, ५५०० आणि ५६०० यांत, तसेच नावाअखेर 'एफ' असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांत, पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय नसते. त्यांना वेगळे कार्ड घ्यावेच लागते, आणि स्वस्ताई तेथेच संपते. ज्यांना कार्ड नको त्यांनी ५६००जी किंवा 'एफ' नसलेला आय ३ घ्यावा. दुसरी, रॅम एका पट्टीत न घेता दोन पट्ट्यांत विभागून घ्यावी, म्हणजे माल आणावयास एकाऐवजी दोन वाटा मिळतात. तिसरी, निरनिराळ्या घडणींचे कोर एकमेकांशी मोजू नयेत. दहा वर्षांपूर्वीचे आठ आणि आजचे चार यांत आजचे चार पुष्कळदा सरस ठरतात.

आणि खरेदीपूर्वी आणखी एक विचार करावा. जुन्या यंत्रात एसएसडी बसवून त्यावर लिनक्ससारखी मोफत प्रणाली घातली, तर साध्या लिखापढीसाठी ते आणखी काही वर्षे काढू शकते. पण ज्या हिशेबाच्या प्रणालीवर आपले काम अवलंबून आहे ती त्यावर चालेल की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

तात्पर्य, दुकानात शिरण्यापूर्वी घरी बसून कागदावर तीन ओळी लिहाव्यात : आपला संगणक दिवसभर कोणते काम करतो; ते काम वाटून देता येते की एकापाठोपाठच होते; आणि त्याला तोच तो माल पुन्हा पुन्हा लागतो की नवा नवा येऊन पुढे जातो. उत्तरे बिनचूक नसली तरी चालतील. हा कागद खिशात असला, म्हणजे दुकानदाराचे आकडे ऐकताना आपण मान डोलावण्याऐवजी प्रश्न विचारू लागतो. चांगला दुकानदार अशा गिऱ्हाइकाला कंटाळत नाही, आणि मोठ्या आकड्यासाठी मोजले गेले असते ते पैसे आपल्या घरातच राहतात.