छर्रा थांबणार कुठे?

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. त्याच्या रायफलमधलं काडतूस होतं ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’. अमेरिकेतला शेतकरी धान्याच्या कोठारात माजलेल्या उंदीर-घुशींवर किंवा कुरणात बिळं करणाऱ्या खारींवर वर्षानुवर्षं जे झाडत आला, तेही हेच काडतूस.

अमेरिकेतल्या मराठी घरांमागेही आता परसबागा फुलतात. मेथी, कारली, टोमॅटो, कढीपत्त्याची कुंडी. मग एका सकाळी सगळी मेथी बुडापासून कुरतडलेली दिसते. ग्राउंडहॉग नावाचा मांजराएवढा गुबगुबीत कुरतडणारा प्राणी रात्रीत नव्हे, दिवसाढवळ्या येऊन गेलेला असतो. शेजारी सहज सांगतो, ‘एक स्वस्तातली टू-टू घेऊन टाक.’ हा सल्ला ऐकावा का, आणि ऐकायचा तर काय घ्यावं, याचा हा लेखाजोखा.

आधी काडतूस समजून घेऊ. लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून चालत आलं आहे. त्याला ‘रिमफायर’ म्हणतात, कारण ठिणगी पाडणारं रसायन बुडाच्या मधोमध नसून कडेच्या गोल पट्टीत भरलेलं असतं. बनवायला सोपं, म्हणून स्वस्त. झटका नगण्य, म्हणून नवशिक्यालाही पेलतं. नेहमीची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे जेमतेम 2.6 ग्रॅम वजनाची. पण ती सेकंदाला साडेतीनशे मीटरहून अधिक वेगाने निघते आणि नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा साधारण 170 ज्यूल असते. ‘छोटी गोळी’ हा शब्द इथेच फसवतो. या काडतुसांच्या खोक्यांवर ‘दीड मैलापर्यंत धोकादायक’ असा इशारा छापलेला असतो. दीड मैल म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. तेवढ्यात किती घरं, किती शाळा, किती झोपाळे येतात, हे आपल्या गल्लीच्या नकाशावर एकदा मोजून पाहावं.

म्हणून रायफल निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नाही. नेम चुकला, किंवा गोळी प्राण्याच्या आरपार गेली, तर ती थांबणार कुठे, हा पहिला प्रश्न. मागे मातीचा उंच बांध किंवा डोंगराचा उतार असेल तर पुढचं बोलता येतं. लाकडी कुंपण हा बांध नव्हे. गोळी त्यातून पार जाते. दगड, फरसबंदी आणि पाण्याचा पृष्ठभाग याहून वाईट, कारण तिथून गोळी उसळी घेऊन भलतीकडेच जाते. झाडावरच्या खारीवर वर रोखलेल्या नळीमागे तर फक्त आकाश असतं.

घराला घर लागून असलेल्या वस्तीत म्हणूनच टू-टूचा विचार सोडावा. बहुतेक शहरांच्या हद्दीत बंदूक झाडायला बंदीच असते. तिथे जमण्यासारखा पर्याय म्हणजे, स्थानिक नियमांत बसत असेल तर, एअर रायफल. तिचे दोन प्रचलित व्यास आहेत: .177, म्हणजे 4.5 मिलिमीटर, आणि .22, म्हणजे 5.5 मिलिमीटर. लहान छर्रा वेगवान आणि सरळ जाणारा. कागदी लक्ष्यासाठी उत्तम. मोठा छर्रा जड, हळू, पण प्राण्याला जागीच मारण्याची त्याची ताकद जास्त. घुशी-उंदरांसाठी जाणकार .22 कडेच झुकतात. साध्या .22 एअर रायफलची ऊर्जा 20 ज्यूलच्या आसपास, म्हणजे त्याच व्यासाच्या काडतुसाच्या आठव्या हिश्शाएवढी. तरीही तिचा छर्रा डोळा फोडू शकतो आणि जीवही घेऊ शकतो, तेव्हा मागचा बांध तिलाही हवाच.

एअर रायफल निवडतानाही दोन वाटा आहेत. नळी मोडून स्प्रिंग ताणायची रायफल शे-दोनशे डॉलरांत मिळते आणि तिला दुसरं काही लागत नाही. पण स्प्रिंग सुटताना ती पुढेमागे हिसका देते, त्यामुळे नेम बसायला महिनोन्‌महिने सराव लागतो. त्या हिसक्याने साधी दुर्बीण खिळखिळी होते, म्हणून स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनवलेलीच दुर्बीण घ्यावी. दुसरी वाट आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीची. तिचा नेम सुरेख, हिसका जवळपास शून्य. पण हातपंप किंवा कॉम्प्रेसरचा खर्च वेगळा.

ज्यांच्याकडे खरोखर काही एकर शेत आहे आणि मागे मातीचा उतार आहे, त्यांनी टू-टूचा विचार करावा. अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये 1964 पासून बनणारी रूगर 10/22 आणि जुन्या बाजारात मिळणारी मार्लिन मॉडेल 60 ही घराघरांतली नावं. तरीही या कामासाठी मी बोल्टची रायफल सुचवेन. सॅव्हेज मार्क टू ही त्यातली परवडणारी. कारण सरळ आहे. वस्तीजवळ आवाजाहून कमी वेगाचं, शांत काडतूस वापरणं शहाणपणाचं, आणि सौम्य काडतुसावर अर्धस्वयंचलित यंत्रणा अडखळू शकते. बोल्ट हाताने ओढायचा असल्यामुळे त्याला सौम्य काडतूसही चालतं. शिवाय दर गोळीनंतर हात थांबतो आणि माणूसही क्षणभर विचार करतो. अशी रायफल दोन-तीनशे डॉलरांत येते. उरलेले पैसे दुर्बिणीवर आणि सरावाच्या काडतुसांवर घालावेत. सरावात सलग झाडलेल्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत ज्या अंतरावरून बसतात, तेवढंच आपलं अंतर. त्यापलीकडून झाडलेली गोळी जनावराला तडफडत ठेवते.

आता कायदा. अमेरिकेत दुकानदाराकडून रायफल घ्यायला वयाची किमान 18 वर्षं पूर्ण लागतात, हे बहुतेकांना माहीत असतं. आपल्या मंडळींना माहीत नसतं ते वेगळंच. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट मिळते, असे मोजके अपवाद सोडले तर हा गंभीर गुन्हा ठरतो. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. एअर रायफल या संघीय व्याख्येत बसत नाही. पण आपली मराठी माणसं जिथे मोठ्या संख्येने राहतात, त्या न्यू जर्सीत राज्याचा कायदा तिलाही बंदूकच मानतो आणि खरेदीला बंदूकखरेदीचं खास ओळखपत्र लागतं.

कोणाला उपद्रवी म्हणायचं, हेही कायदाच ठरवतो. जवळपास सगळे देशी पक्षी 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने संरक्षित आहेत. झाडावरच्या खारी बऱ्याच राज्यांत ‘शिकारीचा प्राणी’ असतात, त्यांना हंगाम आणि परवाना असतो. पक्षी कायद्याचं छत्र नसलेल्यांत एक नाव वाचून आपल्याला गलबलून येईल: आपली चिमणी. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली ही परदेशी पाखरं तिथल्या निळ्या ब्लूबर्डची घरटी बळकावतात, पिल्लंही मारतात. इथे आपण जिच्यासाठी खिडकीत पाण्याची वाटी ठेवतो, ती तिथे उपद्रवी ठरली. दोष चिमणीचा नाही, तिला जहाजात घालून नेणाऱ्यांचा आहे. जीव घेण्याआधी एवढं तरी मनात असावं.

शिशाचंही भान हवं. गोळीने मेलेलं जनावर तसंच टाकलं तर ते खाणाऱ्या गरुड-गिधाडांच्या पोटात शिसं जातं. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं अशी विषबाधेने मरू लागली, आणि 1 जुलै 2019 पासून तिथे वन्यजीवांवर शिशाच्या गोळ्या झाडायला पूर्ण बंदी आली. मेलेली घूस खोल पुरावी.

हे वाचून इथल्या कुणी बागेत छर्ऱ्याची बंदूक उचलू नये. भारतात 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या किंवा 20 ज्यूलहून अधिक ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागतो. बंदूक विनापरवाना मिळाली तरी मोर, वानर यांच्यावर ती झाडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. रानडुकराला छर्रा मारणं बेकायदा तर आहेच, शिवाय निर्दय आहे; तो त्याला मारत नाही, फक्त जखमी करून पिसाळवतो.

आणि त्या मेथीचं काय? ग्राउंडहॉग चार-पाच किलोचा असतो. साध्या एअर रायफलने तो धड मरत नाही, आणि टू-टू वस्तीत चालत नाही. त्याच्यासाठी तारेची जाळी फूटभर जमिनीत पुरून, बाहेरच्या बाजूला वळवून घातली की बहुतेक वेळा काम होतं. कोंबड्यांचं खाद्य झाकलं, खरकटं आवरलं की घुशीही कमी होतात. जाळी लावून पाहा, सापळा लावून पाहा. मग कायदा तपासा, मातीचा बांध घाला, कागदावर हजार छर्रे झाडून हात बसवा. एवढं करायची तयारी असेल तर रायफल घ्या. तयारी नसेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती तुमच्यासाठी नाही.