मोटारीच्या दिव्याचा बल्ब : नाव, बैठक आणि उजेड

भाषेच्या अभ्यासकाने मोटारीच्या पुढील दिव्याविषयी लिहावे, हे काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु योग्य बल्ब निवडताना लोकांची जी चूक होते, ती विजेविषयीच्या अज्ञानापेक्षा नावाच्या अर्थाविषयीच्या गैरसमजामुळे अधिक होते, असे माझे मत आहे. आणि तेवढ्यापुरता तरी हा विषय आपल्या कक्षेत येतो.

साताऱ्यास अगर सांगलीस सुट्या भागांच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिल्यास ‘एच४ द्या’, ‘एच७ आहे का?’ असे शब्द कानी पडतात. यांतील ‘एच’ हे हॅलोजन या शब्दाचे आद्याक्षर होय. पुढील आकडा हे उजेडाचे माप असावे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती निराधार आहे. एच१ हा बल्ब १९६२ साली प्रचारात आला, एच४ १९७१ साली. आकडा केवळ ओळखीपुरता. १३.२ व्होल्ट दाबावर एच१ सुमारे १५५० ल्यूमेन प्रकाश देतो, एच७ १५००, तर एच११ १३५०. आकडा चढला आणि उजेड उतरला! सोस्यूरने सांगितलेल्या चिन्हाच्या यादृच्छिकतेचे याहून सुटसुटीत उदाहरण वर्गात देण्यास क्वचितच सापडेल.

मग हे नाव कशाचे? ते बल्बच्या बैठकीचे, तारांच्या संख्येचे आणि त्या तारांच्या नेमक्या स्थानाचे आहे. आपल्याकडील पुष्कळ लहान मोटारींत एच४ असतो. त्यात दोन तारा असतात : एक ६० वॉटची, दुसरी ५५ वॉटची. पहिली परावर्तकाच्या नाभिस्थानी असून तिचा प्रकाश सरळ दूर जातो. हा आपला ‘अपर’. दुसरी किंचित पुढे असते व तिच्याखाली पत्र्याची एक लहानशी वाटी असते. त्या वाटीमुळे प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून रस्त्याकडे खाली वळतो, हा ‘डिपर’. (बोलीत ‘डिपर मारणे’ म्हणजे मात्र दिवा वरखाली करून समोरच्यास इशारा देणे. एकाच शब्दाने स्थिती व क्रिया दोन्ही सामावून घेतल्या आहेत.) वाटीची एक कड १५ अंशांनी उतरती असल्यामुळे डाव्या कडेचा प्रकाश थोडा वर चढतो. कडेने चालणारा माणूस दिसावा आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, ही सारी व्यवस्था तारेच्या अगदी सूक्ष्म स्थानावर अवलंबून असते.

बाजाराने नावाचा अर्थविस्तार केला तो येथेच. ‘एच४’ म्हणजे केवळ ‘त्या बैठकीत बसणारा’ असा अर्थ रूढ झाला. त्यामुळे १००/९० वॉटचा बल्बही एच४ म्हणून विकला जातो आणि एलईडीचा संचही. पहिला ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. १०० वॉटचा ८ हून अधिक. मूळ वायरिंग त्या भारासाठी केलेले नसते. मी स्वतः एकदा दुकानदाराच्या शब्दावर असे बल्ब बसवून घेतले. दोन महिन्यांत कपलर वितळला. एलईडीची गोष्ट निराळी. तीत उष्णता कमी, वीजही कमी. परंतु प्रकाश देणाऱ्या चकत्यांचा आकार व स्थान तारेशी तंतोतंत जुळत नाही, आणि खाली वळावयाचा प्रकाश वर फाकतो. चालकास आपला रस्ता लख्ख दिसतो. त्याची किंमत समोरचा मोजतो.

ही किंमत आपल्या दोन जिल्ह्यांत लहान नाही. वाईहून पाचगणीस जाताना पसरणी घाटात प्रत्येक वळणावर समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर येतो. पावसाळ्यात धुके असल्यास स्वतःचा अपरही उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. सांगलीकडील सपाटीवर प्रश्न वेगळा. गळिताच्या हंगामात पेठ ते सांगली या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्रभर चालू असतात, आणि त्यांतील कित्येकांस मागे दिवा नसतो. डोळे दिपलेल्या चालकास पुढची बैलगाडी दिसते ती अगदी जवळ आल्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतही झोत खाली वळलेला असावा, असे बंधन आहे.

म्हणून जुन्या बल्बच्या धातूच्या कड्यावरील अगर गाडीच्या पुस्तिकेतील नाव, व्होल्ट आणि वॉट ही तिन्ही जुळवून घ्यावीत. ट्रकचा बल्ब २४ व्होल्टचा असतो. तो मोटारीत मिणमिणतो. कड्यावर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर व त्यापुढे देशाचा क्रमांक असल्यास तो मान्यताप्राप्त नमुन्याचा समजावा. उजेड मंद वाटल्यास प्रथम बल्बपाशी पोहोचणारा दाब मोजावा. दाब दहा टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. अशा वेळी दोष गंजलेल्या जोडाचा असतो, बल्बचा नव्हे.

बदलण्याचे काम अवघड नाही. दिवा बंद करून बल्ब निवू द्यावा. बॉनेट उघडून कपलर ओढून काढावा, मागची रबरी टोपी सोडवावी, तारेची क्लिप दाबून बाजूस करावी. एच४ च्या कड्यास तीन कान असतात व ते असे मांडलेले असतात की, बल्ब एकाच रीतीने बसतो. जोर लावावा लागल्यास काहीतरी चुकते आहे असे समजावे. काचेस बोट लागू देऊ नये. ही काच क्वार्ट्‌झची असून अतिशय तापते, आणि बोटांच्या तेलकटपणाच्या जागी ती दुबळी होते. चुकून स्पर्श झालाच तर स्पिरिटने पुसावी.

शेवटी झोत तपासावा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा. दिव्यावर १ टक्का असा उतार नोंदलेला असल्यास प्रकाशाची वरची कड भिंतीवर दिव्याच्या मध्याहून १० सेंटीमीटर खाली दिसली पाहिजे. मागे माणसे व सामान भरल्यावर गाडीचे नाक वर होते आणि ही कडही वर सरकते; डॅशबोर्डाजवळ झोत खालीवर करणारी चकती असल्यास घाट चढण्यापूर्वी ती फिरवून घ्यावी.