कापूस वर्ध्याचा, निवाडा लिव्हरपूलचा!

‘इंटरनॅशनल आर्बिट्रेशन’ म्हटलं की काय आठवतं? लंडन, सुटाबुटातले वकील आणि तासाच्या हिशेबाने पाउंडांत फी. पण बॉस, वर्धा शहराला खेटून असलेल्या सिंदी मेघेत बसून मी सांगते, हा धागा इथल्या कापसापर्यंत येतो. अगदी शब्दशः!

फंडा सोपा आहे. परदेशी सौदा फिसकटला तर ना तुमचं कोर्ट, ना माझं. दोघांनी आधीच कबूल केलेला लवाद निवाडा देतो. जगातले रुईचे बरेचसे सौदे इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांवर होतात. ही संस्था लिव्हरपूलची, मुळं १८४१ मधली. तिचा एक नियम सॉलिड कडक आहे. कारण काहीही असो, माल गेला नाही म्हणून सौदा रद्द होत नाही. ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक चुकता करूनच तो मिटतो. मध्ये भाव चढला असेल, तर खिसा विकणाऱ्याचा कापला जातो.

आता ५ मार्च २०१२ आठवा. केंद्राने एका नोटिफिकेशनने कापूस निर्यात थांबवली, आधी नोंदवलेल्या सौद्यांसकट! तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच उघड विरोध केला. आठवडाभरात जुन्या नोंदणीच्या सौद्यांना वाट मिळाली. पण मधल्या दिवसांचं टेन्शन कुणाचं? बंदी सरकारची, करारावर सही मात्र निर्यातदाराची. करारात सरकारी बंदीचं वेगळं कलम नसेल, तर ‘आमचा नाइलाज होता’ हे लवादासमोर टिकणं कठीण. आणि निर्यातदाराने हात आखडला की हिंगणघाटच्या मार्केटात गाडी घेऊन उभ्या शेतकऱ्याला भाव पडायची धास्ती.

कधी कधी आपलं कोर्ट वाचवतं. नाफेडने १९८० मध्ये अलिमेंटा या परदेशी कंपनीशी ५,००० टन शेंगदाण्याचा सौदा केला. केंद्राने निर्यातीची परवानगी नाकारली. लंडनच्या लवादात नाफेड हरलं. २२ एप्रिल २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने तो निवाडा भारतात लागू करायला नकार दिला. सुटका झाली खरी, पण ४० वर्षांनी! एखाद्या जिनिंगवाल्याकडे एवढा दम कुठला?

निर्बंध आले की लोच्या आणखी वाढतो. रशियाने २०२० मध्येच कायदा करून, निर्बंधांत अडकलेल्या आपल्या कंपन्यांना परदेशी लवाद टाळून रशियन कोर्टात जायची वाट दिली. युक्रेन युद्धानंतर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, अशा कंपन्यांना लंडनच्या लवाद संस्थेची फी भरता यावी म्हणून ब्रिटनला खास परवाना काढावा लागला. म्हणजे केस जिंकणं दूरच, आधी फी भरण्याचीच मारामार.

तेव्हा मंडळी, तुम्ही एक्स्पोर्ट डेस्कवर असाल तर सहीआधी तीन प्रश्न विचारा. सरकारने बंदी घातली तर नुकसान कुणाचं? लवाद कुठे बसणार? पैसे कोणत्या बँकेतून येणार, आणि ती बँक उद्या निर्बंधांत सापडली तर काय? भाव ठरवायला आपण दहा फोन करतो. शेवटच्या पानावरचं हे कलम वाचायला दहा मिनिटं पुरतात.