हृदयाची सेवा

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील बलिदानाचे विधी थांबले. त्यांची जागा पुढे प्रार्थनेने घेतली. ताल्मुदमध्ये तिला 'हृदयाची सेवा' असे म्हटले आहे. ह्या सेवेचा आदर्श म्हणून आचार्यांनी एखादा राजा वा पुरोहित निवडला नाही. निवडली ती हन्ना ही अपत्यहीन स्त्री. शिलो येथील मंदिरात तिचे ओठ हलत होते, पण स्वर उमटत नव्हता. वृद्ध पुरोहित एली ह्यास ती मद्यधुंद वाटली! पुढे प्रार्थनेचे कित्येक नियम तिच्याच वर्तनावरून ठरविण्यात आले.

तथापि, कळकळ असली म्हणजे काहीही मागावे, असे नव्हे. वाटेने येणाऱ्या मनुष्याच्या कानी गावातून आक्रोश आला आणि 'तो माझ्या घरचा नसो' असे त्याने विनविले, तर ती प्रार्थना व्यर्थ होय, असे मिश्ना ह्या ग्रंथात सांगितले आहे. कारण घडायचे ते घडून गेलेले असते. प्रार्थना कोणत्याही भाषेत चालते, असेही तोच ग्रंथ सांगतो.

ह्या सवलतीचे मोल बेने इस्रायल समाजाने पुरेपूर जाणले. ह्या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले. कोकणात ते तेलाचा घाणा चालवीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी तो बंद ठेवीत; म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. हिब्रू भाषा विस्मृतीत गेली. उरली ती 'शेमा', म्हणजे ईश्वराच्या एकत्वाची घोषणा. सुंता असो, विवाह असो वा अंत्यविधी, तिचाच उच्चार होई. एवढ्याशा आधारावर एक समाज शतकानुशतके आपली ओळख टिकवून राहिला, हे नवलच म्हटले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकिएल राजपूरकर ह्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, तेव्हा कोठे अनेकांना पूर्ण उपासनेचा अर्थ उमगला.

संकटातील प्रार्थनेची ह्या समाजातील सर्वांत प्रसिद्ध कथा सामाजी हसाजी दिवेकर ह्यांची. कंपनी सरकारच्या फौजेतील हे अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. जीव वाचल्यास सभास्थान उभारीन, असा नवस त्यांनी केला. 'बनी इस्राईल' हे नाव कुराणात आलेले असल्यामुळे टिपूच्या मातेने त्यांच्यासाठी रदबदली केली, असे सांगतात. कथेचा हा भाग ज्याने त्याने हवा तसा घ्यावा. सभास्थान मात्र १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात उभे राहिले. त्याचे नाव 'शाअर हाराहमीम', म्हणजे करुणेचे द्वार.

नवस फेडताना बेने इस्रायल घरांत गोड पोहे, ओले खोबरे व फळे ह्यांचे मलिद्याचे ताट मांडतात आणि एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताचे स्मरण करतात. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे, मायदेशी परतल्याच्या आनंदातही, त्यांच्या यहुदीपणाविषयी धर्मपीठाने शंका घेतली, आणि १९६४ मध्ये शासनाने पूर्ण मान्यता देईपर्यंत त्यांना झगडावे लागले. मलिद्याचे ताट मात्र तेथेही मांडले जाते.